दिसायला सारखीं, अर्थाला निराळीं

मुंबईची हद्द दहिसरला संपते आणि तिच्या उत्तरेस लागूनच मीरा-भाईंदर शहराचा पेणकरपाडा लागतो. आज तो महानगरपालिकेचा एक गजबजलेला भाग आहे. परंतु नांवांतला 'पाडा' हा शब्द जुन्या लहानशा वस्तीची आठवण अजून धरून आहे. त्याच्या आधींचा 'पेणकर' हा शब्दहि मराठी माणसाला परका वाटत नाहीं. वसईचा तो वसईकर, तरखडचा तो तर्खडकर, तसाच पेणचा तो पेणकर. गांवाच्या नांवाला 'कर' लागला म्हणजे त्या गांवच्या माणसाचा बोध होतो, हें मराठी मुलाला शिकवावें लागत नाहीं. पण याच पाड्यांतल्या मुलाला त्याची आई सकाळीं 'लवकर ऊठ आणि भाकर खा' असें म्हणते, तेव्हां लवकर हा कोणी लव गांवचा गृहस्थ आणि भाकर ही भा गांवची रहिवासी, असा समज तो करून घेत नाहीं. तिन्ही शब्दांचीं शेवटचीं दोन अक्षरें एकच. तरी त्यांतला एक माणूस आहे, एक क्रियाविशेषण आहे आणि एक खाण्याचा पदार्थ आहे. मायबोलींत हा भेद कान आपोआप करतो. परक्या भाषेंत मात्र कान मुका असतो आणि माणूस डोळ्यावर विसंबतो. आणि डोळ्याला शब्दाचें शेपूट तेवढें दिसतें, त्याचा पूर्वेतिहास दिसत नाहीं.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या या डोळ्याच्या विश्वासानें फसल्या आहेत. फसण्याची जागाहि ठरलेली आहे. शाळेंत त्यांना एक नियम सांगितला जातो, कीं विशेषणाला 'ली' जोडलें म्हणजे क्रियाविशेषण होतें. 'स्लो' म्हणजे मंद, 'स्लोली' म्हणजे मंदपणें; 'क्विक' म्हणजे चपळ, 'क्विकली' म्हणजे चपळाईनें. नियम सुटसुटीत आहे आणि शेंकडों शब्दांना तो लागूहि पडतो. मग 'हार्ड' म्हणजे कठीण, कष्टाचा, हें ठाऊक असलेला मुलगा त्याला 'ली' जोडतो आणि नोकरीच्या अर्जांत मोठ्या विश्वासानें लिहितो, कीं आपण 'हार्डली' काम करतों. त्याला म्हणावयाचें असतें, कीं आपण अंग मोडून काम करतों. वाचणारा वाचतो, कीं हा मनुष्य काम जवळजवळ करीतच नाहीं. ज्या वाक्यांत अर्जदारानें आपली सगळी लायकी मांडली, त्याच वाक्यानें त्याची लायकी पुसून टाकली. 'हार्ड' हेंच मुळांत क्रियाविशेषणहि आहे आणि कष्टानें काम करतो असें सांगावयास तेंच पुरेसें आहे, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें.

अशीं जोडपीं इंग्रजींत आणखीहि आहेत. 'लेट' म्हणजे उशिरां. 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'नियर' म्हणजे जवळ. 'नियरली' म्हणजे जवळजवळ. यांतील चूक केवळ परीक्षेंतला एखादा गुण घालविते असें नाहीं. वसईच्या खाडींत एखादी होडी संकटांत सांपडली आणि त्याची हकीकत कोणी इंग्रजींत लिहूं लागला, अशी कल्पना करावी. होडी काठाच्या 'नियर' बुडाली असें लिहिलें, तर होडी गेली आणि माणसें पाण्यांत पडलीं. होडी 'नियरली' बुडाली असें लिहिलें, तर ती बुडतां बुडतां वांचली आणि सगळीं घरीं परतलीं. मध्यें अंतर आहे तें एवढ्याशा 'ली'चें. ज्या देशांत दीडशें वर्षें अर्ज, दाखले, जबान्या आणि करारनामे या परक्या भाषेंत लिहिले गेले, त्या देशांत या अक्षराच्या मागें काय दडलें आहे याची विचारपूस करणें हा केवळ पंडितांचा विलास नव्हे.

ही विचारपूस करावयाची तर हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजीकडे वळावें लागतें. त्या काळच्या इंग्रजींत विशेषणापासून क्रियाविशेषण बनविण्याची साधी रीत होती: विशेषणाच्या शेवटीं एक 'ए' हा स्वर जोडावयाचा. 'हेआर्द' म्हणजे कठीण हें विशेषण, आणि 'हेआर्दे' म्हणजे कठीणपणें, जोरानें, हें क्रियाविशेषण. दोहोंमध्यें गोंधळ होण्याचें कारण नव्हतें. तो शेवटचा स्वर पहारेकऱ्यासारखा उभा होता. याच्या जोडीला दुसरी एक रीत होती. त्या भाषेंत 'लीच' असा एक शब्द होता. त्याचा अर्थ शरीर, आकार. हा शब्द दुसऱ्या शब्दाच्या मागें लागून विशेषणें बनवीत असे. मित्राच्या रूपाचें, मित्रासारखें तें 'फ्रेंडली'. 'सारखा' या अर्थाचा इंग्रजींतील 'लाइक' हा शब्द याच मूळाचा. जर्मन भाषेंत प्रेताला म्हणतात तो 'लाइखे' हा शब्दहि त्याचाच भाऊबंद. आणि इंग्लंडांतील जुन्या चर्चच्या आवाराला असलेलें, प्रेतपेटी क्षणभर टेंकविण्याचें छपराचें दार आजहि 'लिच-गेट' म्हणूनच ओळखलें जातें. या 'लीच'लाहि तोच 'ए' जोडून 'लीचे' असें क्रियाविशेषणाचें रूप होई. म्हणजे आज ज्या 'ली'ला शाळेंतील मुलगा निर्जीव शेपूट समजतो, तो एके काळीं हाडामांसाचा शब्द होता आणि त्याचा अर्थच मुळीं देह असा होता.

पुढें इंग्रजी भाषेवर जीं स्थित्यंतरें आलीं, त्यांत शब्दांच्या शेवटचे हे दुबळे स्वर झिजले. चौदाव्या-पंधराव्या शतकांत तो 'ए' उच्चारांतून नाहींसा झाला आणि पहारेकरीच गेला. 'हार्डे' आणि 'हार्ड', 'फास्टे' आणि 'फास्ट', 'लाटे' आणि 'लेट' यांत उच्चाराचा भेद उरला नाहीं. विशेषण आणि क्रियाविशेषण एकाच वेषांत वावरूं लागलीं. तेव्हां ज्यांना भेद स्पष्ट दाखवावयाचा होता ते लोक 'ली'चा आश्रय अधिकाधिक करूं लागले. पण जुनीं रूपें मेलीं नाहींत. शेतकरी, नावाडी, लोहार यांच्या तोंडीं 'हार्ड' व 'फास्ट' हीं क्रियाविशेषणें म्हणून टिकून राहिलीं. अशा रीतीनें एकाच मूळापासून झालेलीं दोन क्रियाविशेषणें भाषेंत शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं: एक जुन्या रीतीचें, शेपूट गळालेलें, दुसरें नव्या रीतीचें, शेपूट लावलेलें.

भाषेंत दोन शब्द अगदीं एकाच अर्थानें फार काळ राहत नाहींत. एका घरांतल्या दोघां भावांनीं काम वांटून घ्यावें तसे ते अर्थ वांटून घेतात. 'हार्डली'चा आरंभींचा अर्थ 'कष्टानें, जोर करून' असाच होता. त्यांतून 'मोठ्या प्रयासानें' हा अर्थ निघाला. जें मोठ्या प्रयासानें घडतें तें घडलें न घडलें सारखेंच असतें. म्हणून सोळाव्या शतकांत त्याला 'जेमतेम, क्वचितच' असा अर्थ येऊं लागला. १६११ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत या प्रवासाची एक खूण राहून गेली आहे. श्रीमंताला स्वर्गाच्या राज्यांत प्रवेश मिळणें किती अवघड आहे हें सांगतांना मत्तयाच्या शुभवर्तमानांत 'हार्डली' हाच शब्द आहे. भाषांतरकारांना म्हणावयाचें होतें 'मोठ्या कष्टानें'. आजचा वाचक तेथें 'क्वचितच' असा अर्थ घेतो. शब्द तोच राहिला आणि त्याच्या खालची जमीन सरकली. 'लेटली'चेंहि असेंच झालें. त्याचें जुनें रूप 'मंदपणें' या अर्थाचें होतें. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तें 'अलीकडे' या अर्थीं स्थिरावूं लागलें. 'नियरली' म्हणजे आधीं 'निकटपणें, बारकाईनें'. 'जवळजवळ' हा अर्थ मागाहूनचा.

हा सगळा इतिहास अठराव्या शतकांतील इंग्रज वैयाकरणांना गैरसोयीचा वाटला. लॅटिनच्या धर्तीवर इंग्रजीला शिस्त लावण्याचा तो काळ होता. १७५५ सालीं डॉक्टर जॉन्सनचा कोश झाला. १७६२ सालीं बिशप रॉबर्ट लाउथ यांचें लहानसें व्याकरण निघालें. विशेषणाचेंच रूप क्रियाविशेषण म्हणून वापरणें हें लाउथना अशुद्ध वाटे आणि मोठमोठ्या लेखकांच्या लेखनांतून त्यांनीं असे दोष वेंचून दाखविले. १७९५ सालीं लिंडली मरे या मूळच्या अमेरिकन परंतु इंग्लंडांत यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या गृहस्थाचें व्याकरण प्रसिद्ध झालें आणि शाळाशाळांतून पसरलें. पुस्तकांतून शिकणाऱ्याला 'ली' लावलेलें रूप शुद्ध आणि न लावलेलें गांवंढळ, असें वाटूं लागलें. इंग्रज मुलाचें यानें फारसें नुकसान झालें नाहीं. 'हार्ड' आणि 'हार्डली' यांतला भेद त्यानें आईजवळच शिकलेला होता. नुकसान व्हावयाचें तें समुद्रापलीकडच्या विद्यार्थ्याचें, कारण त्याच्या हातीं नियम आला आणि कान आला नाहीं.

तो नियम या किनाऱ्यावर कसा पोंचला, हेंहि पाहण्यासारखें आहे. पेणकरपाडा ज्या साष्टी बेटाच्या उत्तर भागांत आहे तें बेट चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेंत, १७३७ ते १७३९ या काळांत, पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आलें. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेऊन साष्टींत पाय रोंवला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें तो कायम झाला. सत्ता आली म्हणून भाषा लगेच आली नाहीं. प्रथम इंग्रजांनाच मराठी शिकण्याची निकड होती. त्यामुळें आरंभींचीं व्याकरणें परक्यांनीं परक्यांसाठीं लिहिलेलीं आढळतात. त्यांहिपूर्वीं, १५७९ सालीं गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानें कोंकणीचें व्याकरण पोर्तुगीज भाषेंत लिहिलें आणि तें त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. १८०५ सालीं विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण श्रीरामपुरास इंग्रजींत प्रसिद्ध झालें. १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८४७ सालीं मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश. मधल्या काळांत वारा उलट वाहूं लागला होता. मुंबईंत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळांतून मराठी मुलें इंग्रजी शिकूं लागलीं. आणि १८३२ सालीं बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें, त्याच्या पानावर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीं शेजारीं छापलेला असे. दोन भाषा एकमेकींकडे तोंड करून बसल्या होत्या.

याच सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर हें नांव पुढें येतें. आडनांव वसईजवळच्या तरखड गांवचें. दादोबांचा जन्म मात्र १८१४ सालीं मुंबईंत झाला. ते इंग्रजी शिकले आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, १८३६ सालीं, त्यांनीं आपलें मराठी भाषेचें व्याकरण मराठींतच प्रसिद्ध केलें. पुढें 'मराठी भाषेचे पाणिनि' असा त्यांचा लौकिक झाला. या व्याकरणाची मांडणी करतांना इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्या डोळ्यांपुढें होता, हें उघड आहे. संस्कृत परंपरेंत यास्कांनीं शब्दांच्या चार जाती सांगितल्या होत्या: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. मराठी मुलें आज ज्या आठ जाती पाठ म्हणतात त्या इंग्रजी पद्धतीच्या आहेत. त्यांत क्रियाविशेषण ही एक स्वतंत्र जात आहे. क्रियाविशेषण ही संज्ञा संस्कृत वैयाकरणांनाहि ठाऊक होती. पण तेथें तिला निराळें घर नव्हतें. संस्कृतांत 'शीघ्रं गच्छति', 'मधुरं गायति' असें म्हणतांना विशेषणाचेंच नपुंसकलिंगी एकवचन क्रियेला जोडीत. म्हणजे जी रीत लाउथना इंग्रजींत अशुद्ध वाटली, तिच्याशीं नातें सांगणारी रीत पाणिनीच्या भाषेंत प्रतिष्ठित होती.

परक्या नमुन्यावर बेतलेला अंगरखा देशी अंगाला कोठें आवळतो, कोठें सैल होतो, हें लवकरच लोकांच्या ध्यानांत आलें. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं दादोबांच्या व्याकरणाचें परीक्षण करणारे निबंध लिहिले. ते १८९३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. क्रियाविशेषणाच्या बाबतींत ही अडचण चटकन दिसून येते. 'मुलगा चांगला गातो, मुलगी चांगली गाते, पांखरें चांगलीं गातात' या वाक्यांत 'चांगला' हा शब्द मुलाची वागणूक सांगत नाहीं. तो गाण्याविषयीं सांगतो. तरीहि त्याचें लिंगवचन बदलतें तें गाणाऱ्याप्रमाणें. मग त्याला अव्यय कसें म्हणावें? आणि 'मुलगी चांगलें गाते' असें म्हटलें म्हणजे तोच शब्द नपुंसकलिंगीं स्थिर होऊन खरा क्रियाविशेषण बनतो. इंग्रजीनें आपले सगळे प्रत्यय झिजवून टाकले आणि त्यामुळें गोंधळ केला. मराठीनें आपले प्रत्यय जपून ठेवले आणि त्यामुळें गोंधळ केला. दोन्ही भाषांत विशेषण आणि क्रियाविशेषण यांच्यामधलें कुंपण आखतां आखतां वैयाकरणांचा हात थबकतो, तो एकाच जागीं.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. ज्या इंग्रजी जोडप्यांनीं मराठी विद्यार्थी घाबरतो, त्यांचीं सख्खीं भावंडें त्याच्या तोंडांत रोज खेळत असतात. 'नियर' आणि 'नियरली' यांचा भेद कळत नाहीं म्हणणाऱ्या मुलाला 'जवळ' आणि 'जवळजवळ' यांचा भेद कळतो कीं नाहीं, हें विचारावें. 'घर खाडीजवळ आहे' आणि 'घर जवळजवळ पडलें' यांत तो कधींच चुकणार नाहीं. इंग्रजीनें 'ली' लावून जें साधलें तेंच मराठीनें शब्दाची द्विरुक्ति करून साधलें. आणि दोन्ही ठिकाणीं अंतर सांगणारा शब्द 'होतां होतां राहिलें' असें सांगूं लागला. 'वर' म्हणजे उंच जागीं. 'वरवर' म्हणजे खोल न शिरतां. 'हळू' म्हणजे आवाज किंवा वेग कमी करून. 'हळूहळू' म्हणजे क्रमाक्रमानें. 'कधीं आला' हा प्रश्न आहे; 'कधीं कधीं आला' हें उत्तर आहे. परदेशी मनुष्य मराठी शिकूं लागला तर या जोडप्यांपुढें तोहि असाच गोंधळेल, आणि मराठी मूल त्याला हंसेल.

'हार्ड' आणि 'हार्डली' यांचें कोडेंहि मराठींतूनच सुटतें. 'तो कष्टानें शेत कसतो' या वाक्यांत कष्ट म्हणजे मेहनत. शेत चांगलें पिकणार याची ती ग्वाही आहे. 'आजारी माणूस कष्टानें दोन पावलें चालला' या वाक्यांत कष्ट म्हणजे प्रयास; तिसरें पाऊल पडेल कीं नाहीं याची शंका आहे. एकाच शब्दांत मेहनत आणि दुबळेपणा दोन्ही नांदतात. फारसींतून आलेला 'मुश्कील' हा शब्द तर याच वाटेनें पुढच्या मुक्कामाला पोंचला आहे. मुश्कील म्हणजे कठीण. 'मुश्किलीनें' म्हणजे प्रथम 'कठीणपणें, प्रयासानें'. पण 'सभेला मुश्किलीनें दहा माणसें होतीं' असें कोणी म्हणतो तेव्हां दहा माणसें जमविण्याचे कष्ट त्याच्या मनांत नसतात. दहाहि धड नव्हतीं, हें त्याला सांगावयाचें असतें. सोळाव्या शतकांत इंग्लंडांत 'हार्डली'नें जें वळण घेतलें तेंच वळण साता समुद्रांपलीकडच्या एका निराळ्या शब्दानें मराठींत घेतलें. यांत कोणीं कोणाची नक्कल केली नाहीं. कठीण गोष्ट बहुधा घडत नाहीं, हा माणसाचा अनुभव सर्वत्र सारखाच. आणि भाषा अनुभवाच्या मागोमाग चालते. हें ज्याला एकदां उमगलें, त्याला 'मी हार्डली काम करतों' हें वाक्य 'मी मुश्किलीनें काम करतों' असें ऐकूं येईल, आणि त्याची लेखणी आपोआप थांबेल.

'लेट' आणि 'लेटली' यांची गोष्ट थोडी निराळी. येथें मराठीनें एका मूळापासून दोन शब्द काढले नाहींत. 'उशिरां' आणि 'अलीकडे' हे शब्द एकमेकांना ओळखतहि नाहींत. म्हणून हें जोडपें अर्थानें शिकलेला मुलगा चुकत नाहीं. स्पेलिंगानें शिकलेला चुकतो. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत वसईच्या खाडीवरून आगगाडी धांवूं लागली, आणि पुढें 'गाडी लेट आहे' हें वाक्य मराठी माणसाचेंच होऊन बसलें. 'लेट'ला मराठीनें घरांत घेतलें. 'लेटली'ला दाराबाहेर ठेवलें. ज्याची गरज होती तें घेतलें, 'अलीकडे' होतें म्हणून दुसरें नाकारलें. लोक शब्द घेतात तेव्हां ते वैयाकरणाला विचारीत नाहींत, पण त्यांची निवड बहुधा चुकत नाहीं.

मायबोलीच्या आधारानें इंग्रजी शिकवावें, कीं मायबोली बाजूला सारून शिकवावें, हा वाद या प्रांतांत नवा नाहीं. १८४७ च्या सुमारास मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें तो मोठ्या जोरानें झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा ओढा इंग्रजीकडे होता. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांचें म्हणणें असें, कीं ज्ञान बहुजनांपर्यंत पोंचवावयाचें तर तें त्यांच्याच भाषेंतून पोंचलें पाहिजे. शंकरशेट इंग्रजीचे शत्रू नव्हते. मुंबईंतील इंग्रजी शिक्षणाला त्यांचा हात सदैव लागलेला होता. परंतु पाया कोणत्या मातींत घालावयाचा, याविषयीं त्यांच्या मनांत संशय नव्हता. त्या वादाचा निकाल कागदावर कसाहि लागला असो, घराघरांत त्याचा निकाल एका पाठ्यपुस्तकानें लावला. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची तीन भागांची 'भाषांतर पाठमाला' मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं अभ्यासिली. तिची पद्धति नांवांतच आहे. मराठी वाक्य घ्यावें आणि त्याचें इंग्रजी करावें. इंग्रजी वाक्य घ्यावें आणि त्याचें मराठी करावें. या येरझारींत शब्दाचें शेपूट पाहून भागत नाहीं. प्रत्येक वेळीं अर्थाच्या दारांतूनच जावें लागतें. ज्या विद्यार्थ्यानें 'जवळ' आणि 'जवळजवळ' या दोहोंचें इंग्रजी निरनिराळें लिहिलें, त्याला 'नियरली' निराळा पाठ करावा लागत नाहीं.

एका तर्खडकरानें मराठीला तिच्याच भाषेंत व्याकरण दिलें. त्याच आडनांवाच्या दुसऱ्यानें मराठीच्या खांद्यावर बसून इंग्रजीकडे पाहावयास शिकविलें. हीं दोन्ही कामें वरवर पाहतां वेगळीं दिसतात, पण तीं एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. आपल्या भाषेकडे डोळसपणें पाहिल्यावांचून दुसऱ्याच्या भाषेंतले खांचखळगे दिसत नाहींत. आणि दुसऱ्याच्या भाषेंत एकदां अडखळल्यावांचून आपण रोज सहज बोलतों त्यांत केवढें शास्त्र भरलें आहे हें कळत नाहीं.

पेणकरपाड्याहून उत्तरेस मिरें आणि भाईंदर मागें टाकलें कीं वसईची खाडी लागते आणि तिच्या पलीकडे, वसईच्या वाटेवर, तरखड आहे. आज पाड्यांतल्या मुलाच्या कानावर मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारहि भाषा पडत असतात आणि इंग्रजी शिकण्याची त्याची निकड दादोबांच्या काळच्या मुलापेक्षां कमी नाहीं. त्याला कोणीं 'ली'चा नियम सांगितला तर त्यानें तो जरूर शिकावा. पण त्यावर विसंबण्यापूर्वीं आपल्याच पाड्याच्या नांवाकडे एकदां पाहावें. 'पेणकर' आणि 'लवकर' यांचीं शेपटें एक असून अर्थ दोन आहेत, हें ज्याला आईनें न शिकवितां शिकविलें, त्याला 'हार्ड' आणि 'हार्डली' यांचा भेद समजावयास फार उशीर लागूं नये.